बाबांना घेऊन जुन्या शस्त्र-कारखान्यांची रोड ट्रिप: बॉस्टन ते वॉशिंग्टन (सल्ला हवा आहे)

उल्हासकाठ
नमस्कार मंडळी.
ऑक्टोबरमध्ये बाबा माझ्याकडे बॉस्टनला येतायत. वय ७१. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३४ वर्षं नोकरी केली, आधी टर्नर म्हणून आणि नंतर गेज तपासणीत (गेज म्हणजे सुट्या भागाचं माप अचूक आहे का ते बघायचं साधन). आई गेल्यापासून कुठे जायचं म्हटलं की "तुम्ही जाऊन या" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मागच्या खेपेला नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं. दोन्हीकडे "छान आहे" म्हणाले आणि बाकावर बसून राहिले.

मग एका रात्री माझ्या मोबाइलवर त्यांनी स्प्रिंगफील्ड आर्मरीतल्या (मॅसॅच्युसेट्समधला जुना सरकारी शस्त्र-कारखाना) एका जुन्या लेथचा फोटो पाहिला. अर्धा तास प्रश्न विचारत होते. पट्टा कुठून येत असेल, लाकूड कशात धरत असतील, कटर केवढा असेल. आई गेल्यानंतर इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हाच ठरवलं की या वेळी त्यांना त्यांच्या धंद्याची अमेरिका दाखवायची.

९-१० दिवस आहेत. भाड्याची गाडी बॉस्टनला घ्यायची आणि वॉशिंग्टनला सोडायची. स्प्रिंगफील्ड नक्की आहे, त्याच्या पुढेमागे काय जोडू? वायोमिंगमधल्या कोडीच्या बंदूक संग्रहालयाचं खूप ऐकलंय, ते या ट्रिपमध्ये बसेल का? आणखी एक. आयुष्यभर त्यांनी शस्त्रांचे सुटे भाग मोजले, पण गोळी एकदाही झाडलेली नाही. एखाद्या गोळीबाराच्या रेंजवर नेता येईल का? (ते बी-२ या पर्यटक व्हिसावर, मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर.) गुडघे दुखतात, सलग अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही.

टेक्सासवाला
कोडी! डोळे मिटून कोडी! बफलो बिलच्या नावाच्या त्या केंद्रात एका छपराखाली पाच संग्रहालयं आहेत आणि त्यातलं एक संपूर्ण बंदुकांचं. विंचेस्टर कंपनीचा जुना संग्रह तिथेच आहे. २०१९ला नव्याने मांडणी केली, त्यामुळे बंदुकीतलं काही न कळणाऱ्यालाही समजतं. माझी बायको "मी बाहेर कॉफी पिते" म्हणून बसली होती, शेवटी तिलाच ओढून बाहेर काढावं लागलं.

ओहायोकर
@टेक्सासवाला, अहो, तो बॉस्टनहून निघतोय. कोडीला गाडीने जायचं तर सगळी सुट्टी महामार्गावरच संपेल. कोडी यलोस्टोनबरोबर करावं, पूर्वेचं प्रवेशद्वार तिथून साधारण ८० किलोमीटरवर आहे. तेही उन्हाळ्यात, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो रस्ता बंद होतो.
आमच्या डेटनचं हवाई दलाचं संग्रहालय मात्र सुचवल्याशिवाय राहवत नाही. चार प्रचंड हँगर, साडेतीनशेच्या वर विमानं आणि क्षेपणास्त्रं, तिकीट नाही. नागासाकीवर बॉम्ब टाकणारं बॉक्सकार तिथे उभं आहे. व्हीलचेअर मिळते.

सरळमार्गी
रेंजबद्दल आधी लिहितो, कारण यात चूक झाली तर ट्रिपपेक्षा मोठं नुकसान होईल.
बी-२ असो वा एच-१बी, दोन्ही बिगर-इमिग्रंट व्हिसा. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. थोडे अपवाद आहेत, त्यात मुख्य म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही 'बाळगणं' यातच धरली जाते. काउंटरवरचा माणूस "काही होत नाही" म्हणाला तरी कायदा बदलत नाही. ग्रीन कार्डवाल्याची गोष्ट वेगळी. तुझं ग्रीन कार्ड व्हायचं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नकोस.
दुसरं. आठवण म्हणून काडतूस, रिकामी पुंगळी, काहीही बाबांच्या बॅगेत जाऊ देऊ नकोस. भारतात शस्त्र कायदा काडतुसालाही लागू होतो आणि बॅगेत विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर लोक अडकलेले आहेत. रणभूमीच्या राष्ट्रीय उद्यानांत जमिनीतून काही उचलणं किंवा मेटल डिटेक्टर फिरवणं हाही गुन्हा आहे.

उल्हासकाठ
@सरळमार्गी, मनापासून आभार. रेंज रद्द. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मला कुठे झाडायची होती? तूच म्हणत होतास."

जुनेपुराणे
उल्हासकाठ, तुला सापडलेला तो लेथ थॉमस ब्लँचर्डचा असणार. जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या बाबांसाठी हाच या ट्रिपचा गाभा आहे.

बंदुकीचा लाकडी दस्ता हा वेडावाकडा आकार. गोल असता तर कोणीही कातला असता. पूर्वी कारागीर तो वाकसाने आणि कानशीने हाताने घडवत. ब्लँचर्डने १८१९मध्ये असं यंत्र काढलं की एका बाजूला लोखंडाचा नमुना-दस्ता फिरतो, त्यावर एक चाक टेकलेलं असतं, आणि ते चाक जसं आत-बाहेर होईल तसा पलीकडचा कटर लाकूड कापत जातो. आपल्याकडे नाक्यावर किल्ली करून देणारा जे यंत्र वापरतो त्याच्यामागचं तत्त्व तेच.

स्प्रिंगफील्डची आर्मरी १७९४ची. १९६८ला बंद झाली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत ठासणीच्या बंदुकीपासून दुसऱ्या महायुद्धातल्या गॅरँड रायफलीपर्यंत सगळं तिथे घडलं. जॉन गॅरँड तिथलाच, त्याची रायफल १९३६ला सैन्याने स्वीकारली. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि प्रवेश मोफत. उघडे असण्याचे वार ऋतूप्रमाणे बदलतात, तेवढं बघून जा.

आता बाबांच्या खात्यातली गोष्ट. १८५४मध्ये ब्रिटिश सरकारची समिती अमेरिकन कारखाने बघायला आली होती. स्प्रिंगफील्डमध्ये त्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली दरवर्षीची एक अशा दहा बंदुका निवडल्या. सगळ्या त्यांच्यासमोर खोलून सुटे भाग एकत्र मिसळले. मग एका कामगाराला भाग हाताला येतील तसे देत गेले आणि त्याने नुसत्या पेचकसाने दहाही बंदुका पुन्हा जुळवल्या. कानस लावावी लागली नाही. कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसणं म्हणजे गेजची करामत. तुझ्या बाबांनी ३४ वर्षांत जे सांभाळलं तेच.

नगरचा_वाटसरू
काय सुंदर लिहिलंत जुनेपुराणे. वाचताना अंगावर काटा आला.

जुनेपुराणे
धन्यवाद. मग अजून एक धागा जोडतो, तो थेट आपल्यापर्यंत येतो.
स्प्रिंगफील्डच्या उत्तरेला आय-९१ने पावणेदोन तासांवर व्हरमाँटमध्ये विंडसर गाव आहे. तिथे रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपनीची १८४६ची विटांची इमारत आहे, आता तिच्यात अमेरिकन प्रिसिजन म्युझियम भरतं. या कंपनीने १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात सुटे भाग अदलाबदल करता येणाऱ्या सहा रायफली मांडल्या आणि इंग्रजांचे डोळे उघडले. वर लिहिलेली समिती त्यातूनच आली. समितीने या कंपनीकडून आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एम्स कंपनीकडून यंत्रं विकत घेतली. ती बसवली कुठे? इंग्लंडमधल्या एनफील्डच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात.
एनफील्ड म्हटल्यावर आपल्याला १८५७ आठवतंच. चरबीच्या काडतुसांची रायफल ती हीच, १८५३च्या नमुन्याची. बंगालच्या पलटणींकडे पोचलेल्या पहिल्या रायफली या नव्या यंत्रांवरच्या नव्हत्या, तो माल जुन्या पद्धतीने ठेकेदारांकडून आलेला. पण व्हरमाँटमधल्या त्या नदीकाठच्या गावात उभं राहून मला मीरत आठवलं हे खरं. विशेष म्हणजे पुढे एनफील्ड रायफलींचंच मोठं कंत्राट घेऊन ही कंपनी बुडाली.
संग्रहालय हंगामी आहे, साधारण मे ते ऑक्टोबर. तुमची वेळ बरोबर बसते, वर पानगळीचे रंग.

अबोली
थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.
माझा मुलगा बालवाडीत होता तेव्हा पहिल्यांदा त्याने घरी येऊन सांगितलं की "आज आम्ही अंधारात कपाटामागे गप्प बसायचा खेळ खेळलो." बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं याचा तो सराव होता. त्या दिवसापासून काचेतल्या बंदुकासुद्धा मला कौतुकाने बघवत नाहीत. बाबांचं लेथवरचं प्रेम समजतं. पण या सगळ्या प्रतिसादांत त्या यंत्रांतून निघालेल्या वस्तूने काय होतं हे अजून एकदाही आलेलं नाही.

टेक्सासवाला
अबोली, संग्रहालय बघणं आणि हिंसेचं समर्थन यात फरक आहे ना? उद्या रायगडावर तोफ बघायची नाही का मग?

अबोली
फरक आहे, मान्य. रायगडावरच्या तोफेला माझा मुलगा घाबरत नाही, हाही फरक आहे.

शल्यविशारद
अबोलींचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं उत्तर याच मार्गावर आहे, म्हणून लिहितो. मी शल्यचिकित्सक, मेरीलँडमध्ये राहतो.
गेटिसबर्ग ही अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली रणभूमी, तिथून खाली येताना फ्रेडरिक गाव लागतं. तिथे यादवी युद्धातल्या वैद्यकाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मिनिए नावाची मऊ शिशाची गोळी हाडावर आपटली की पसरायची आणि हाडाचा चुरा करायची. म्हणून एवढे हातपाय कापावे लागले. नळीत आटे पाडलेल्या रायफलीने पल्ला वाढला, पण सेनापती जुन्याच पद्धतीने माणसं रांगेत पुढे पाठवत राहिले.
जवळच अँटिटमची रणभूमी. १७ सप्टेंबर १८६२, एका दिवसात मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३,००० माणसं. जोनाथन लेटरमनने तिथे रुग्णवाहिकांची शिस्तबद्ध व्यवस्था राबवली. जखमींना जागेवर प्रथमोपचार, मग फील्ड हॉस्पिटल, मग मोठं रुग्णालय ही उतरंड आम्ही आजही वापरतो. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी त्या मैदानावर २३,००० दिवे लावतात, प्रत्येक माणसामागे एक. मी एकदा मुलींना घेऊन गेलो होतो. गाड्यांची रांग दिवे मंद करून हळूहळू सरकते. दिव्यांच्या ओळी संपता संपत नाहीत. धाकटी मोजायला लागली होती, थोड्या वेळाने गप्प झाली.
उल्हासकाठ, लेथ बघितल्यावर हे जरूर बघा. क्रमही हाच ठेवा.

अबोली
@शल्यविशारद, धन्यवाद. फ्रेडरिकला मी जाईन.

उल्हासकाठ
अबोली, राग कसला. तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांच्या खात्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा एक जुने फोरमन हात जोडून म्हणायचे, "हे कोणाला लागू नये." फ्रेडरिक आणि अँटिटम दोन्ही यादीत घेतलं.

नगरचा_वाटसरू
पोरा, बाबांना आमच्या नगरला आणलंस का कधी? रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४पासून. ६५च्या लढाईत पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन रणगाडा आहे. पंजाबातल्या असल उत्तरला अब्दुल हमीदांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने पॅटन फोडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ती तोफही अमेरिकन बनावटीची आणि रणगाडाही अमेरिकन!

कुलाब्याची_मासोळी
विषय निघालाच आहे तर. मी २०१५ला न्यूयॉर्कला इंट्रेपिडवर गेले. १९४३ची विमानवाहू नौका, १९८२पासून संग्रहालय, लहान मुलं डेकवर पळत होती. सॅन दिएगोला मिडवेही अशीच. आणि मला एकदम रडू आलं. आपली विक्रांत! १९७१ला बंगालच्या उपसागरात लढलेली. मी शाळेच्या सहलीत तिच्यावर चढले होते. २०१२ला संग्रहालय बंद झालं, २०१४ला मोडीत निघाली, दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडली. आम्ही कुलाब्यातली मुलं तिला खिडकीतून बघत मोठी झालो. एवढ्या मोठ्या मुंबईला एक जहाज सांभाळता आलं नाही याचं दुःख अजून जात नाही.

ओहायोकर
मासोळीताई, अगदी. डेटनला प्रत्येक विमान बघताना मनात हेच येतं.

एडिसनची_काकू
बाळा, तोफा-बंदुका होत राहतील, बाबा जेवणार काय? शाकाहारी आहेत ना? स्प्रिंगफील्डहून पेन्सिल्वेनियातल्या गेटिसबर्गला जाताना वाट थोडी वाकडी करून न्यू जर्सीतल्या एडिसनला ये. ओक ट्री रोडवर आपलं भारतीय सगळं मिळतं. पुढच्या दोन दिवसांचे ठेपले आणि चटणी बांधून घे, गेटिसबर्गच्या आसपास सँडविचवरच भागवावं लागेल.

टेक्सासवाला
काकू, या धाग्यातला सर्वांत कामाचा सल्ला तुमचाच.

जुनेपुराणे
पुन्हा मूळ प्रश्नाकडे येऊ या. मी असा मार्ग सुचवेन:
बॉस्टनहून विंडसर, दोन-सव्वादोन तास. मुक्काम तिथेच. आय-९१ने खाली स्प्रिंगफील्ड, तिथे दीड दिवस द्या, घाई नको. तिथून हार्टफर्ड जेमतेम चाळीस किलोमीटर. कोल्टच्या कारखान्याचा सोनेरी तारे असलेला निळा घुमट महामार्गावरूनच दिसतो. राज्य ग्रंथालयाच्या इमारतीतल्या संग्रहालयात कोल्टची पिस्तुलं आहेत, तिकीट नाही. फ्रान्सिस प्रॅट आणि एमॉस व्हिटनी हे दोघं कोल्टच्याच कारखान्यात भेटले हे बाबांना सांगा, बाबांनी त्या दोघांच्या यंत्र-कंपनीचं, प्रॅट अँड व्हिटनीचं, नाव यंत्रांवर नक्की वाचलेलं असणार. मग एडिसन (काकूंचा हुकूम), गेटिसबर्ग, फ्रेडरिक, अँटिटम. तिथून अर्ध्या तासावर हार्पर्स फेरी.
हार्पर्स फेरी चुकवू नका. देशाची दुसरी सरकारी आर्मरी तिथे होती. ऑक्टोबर १८५९मध्ये जॉन ब्राऊनने गुलामांना हत्यारं द्यायची म्हणून तिच्यावर छापा घातला. त्याला पकडायला आलेल्या तुकडीचा प्रमुख रॉबर्ट ई. ली, जो पुढे दक्षिणेचा सेनापती झाला. १८६१ला आर्मरी जळाली आणि वाचलेली यंत्रं दक्षिणेने रिचमंडला नेली. लढाई सुरू होताच दोन्ही बाजूंना आधी लेथ हवे होते. बाबांना हे पटेल.

शल्यविशारद
गुडघ्यांसाठी: गेटिसबर्गला परवानाधारक मार्गदर्शक घ्या. तो तुमच्याच गाडीत बसतो आणि दोन तास मैदान फिरवतो, चालणं फार नाही. तिथलं लढाईचं ३७७ फूट लांबीचं, भोवताली वर्तुळात लावलेलं चित्रही बघा, १८८४चं. हार्पर्स फेरीला वर गाडी लावून शटल बसने खाली जावं लागतं आणि गावातले रस्ते चढाचे, दगडी आहेत. तिथे काठी हवी.

ओहायोकर
शेवट डलेस विमानतळाजवळच्या उडवार-हेझी केंद्रात करा. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं एनोला गे विमान आणि डिस्कव्हरी अंतराळयान. प्रवेश फुकट, पार्किंगचे पैसे. डेटनचं दुःख थोडं कमी होईल. (माझं.)

उल्हासकाठ
ठरलं मग. हाच मार्ग. सगळ्यांचे आभार. परत आलो की इथे लिहीन.

उल्हासकाठ
(धागा वर काढतोय. परवाच परत आलो.)

कबूल केल्याप्रमाणे लिहितो.
विंडसरला बाबांनी पहिल्याच दालनात चष्मा पुसला तो शेवटपर्यंत पुसतच होते. एका मिलिंग मशीनपाशी थांबले आणि मला दाखवलं की कामगाराचा हात रोज टेकून लोखंड कुठे गुळगुळीत झालंय. मला सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

स्प्रिंगफील्डला ब्लँचर्डच्या लेथसमोर आम्ही पाऊण तास होतो. गुडघ्यांची तक्रार नाही. तिथल्या रेंजरला (माहिती देणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला) त्यांनी मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून आणि हातवारे करून विचारलं की पाते बोथट झालं की नमुना आणि माल यात फरक पडणार, तो कसा सांभाळायचे? रेंजर आधी चमकला, मग खुर्ची घेऊन आला. दोघं बसून बोलत राहिले. मी भाषांतर करत होतो, पण बहुतेक वेळा माझी गरज लागली नाही.

गेटिसबर्गला ते फारसं बोलले नाहीत. दक्षिणेच्या पिकेट या सेनापतीच्या सैनिकांनी हल्ला करताना जे उघडं शेत ओलांडलं तिथे गाडीतून उतरले आणि किती पावलं असतील विचारलं. मार्गदर्शक म्हणाला, पाऊण मैलाच्या वर. "आणि समोरून आपला माल," एवढंच म्हणाले. फ्रेडरिकला शस्त्रक्रियेच्या करवती असलेल्या कपाटापाशी त्यांनी माझा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही. अबोली, तुमची आठवण काढली त्यांनी.

काकू, ठेपले अँटिटमपर्यंत पुरले.

आता एक काम राहिलंय. जुनेपुराणे यांनी लिहिलेली दहा बंदुकांची गोष्ट मी स्प्रिंगफील्डला बाबांना पुन्हा सांगितली. त्यांनी विचारलं, "ज्याने जुळवल्या त्याचं नाव काय?" समितीतल्या साहेबांची नावं मी सांगायला लागलो तर म्हणाले, "साहेब नाही रे. तो पेचकसवाला." रेंजरला विचारलं, त्याला सांगता आलं नाही, पण संग्रहाच्या विभागाला लिहा म्हणाला. परतल्यावर बाबांनी मला पत्र सांगितलं. मी काल इंग्रजीत उतरवून पाठवलं. खाली त्यांनी सही केली आहे आणि कंसात लिहिलंय: गेज तपासणी, अंबरनाथ.
उत्तर आलं की इथेच लिहीन.